तिसरीची परीक्षा होऊ दे

अर्चना,

सोनूच्या नव्या मॅडमचा फोन आला तेव्हा मी फर्स्ट शिफ्ट संपवून कारखान्याच्या गेटबाहेरच्या स्टँडवरून गाडी काढत होतो. दुपारचे सव्वादोन, एप्रिलचं ऊन. डोक्यावर चढवलेलं हेल्मेट पुन्हा काढलं, कारण नंबर अनोळखी होता आणि तू गेल्यापासून मी एकही अनोळखी फोन सोडत नाही.

"सलोनी के पापा बोल रहे हैं?"

चौथीची क्लास टीचर. आवाज तरुण, थोडा संकोचलेला. म्हणाली, पुढच्या शनिवारी शाळेनं एक तास पालकांसाठी ठेवला आहे, ज्याला जे येतं ते त्यानं मुलांना शिकवायचं. विचारल्याबरोबर सोनूनं हात वर केला म्हणे. माझी मम्मी गणित शिकवते, ती येईल, म्हणाली.

"तो मम्मी नागपुर से कब तक आ जाएँगी, सर?"

तुला जाऊन तेव्हा महिना होत आला होता.

मी काय उत्तर दिलं ते तुला सांगायलाच पाहिजे, म्हणून हे लिहायला बसलो. मी म्हणालो, "अगले हफ़्ते, मैडम. शनिवार तक आ जाएगी."

चुकून तोंडातून गेलं असं दुसऱ्या कुणाला सांगता येईल. तुला नाही. मी नीट विचार करून बोललो. दोन सेकंदांत जेवढा होतो तेवढा विचार. माझ्या डोळ्यांसमोर वर्गात हात वर केलेली सोनू होती, आणि तो हात मला खाली ओढवेना.

घरी पोचलो तर ती फाटकातच उभी. शाळेचा युनिफॉर्मही बदलला नव्हता.

"मॅडम का फोन आया था?"

"हो."

"आपने क्या बोला?"

"शनिवारपर्यंत येईल म्हटलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. नऊ वर्षांच्या पोरीनं बापाकडे असं बघू नये. हा माणूस आपल्या बाजूचा आहे की नाही, ते ती तपासत होती. मग मान हलवली, आत गेली आणि आईला, म्हणजे तिच्या आजीला म्हणाली, "आजी, भूख लगी है." त्या दिवशी ती दोन पोळ्या जेवली. महिनाभर अर्धी पोळी चिवडून उठणारी पोर. मी समोर बसून तिला बघत होतो आणि मला बरं वाटत होतं, अर्चना. खोटं बोलून पोरीच्या पोटात अन्न गेलं, तर मी रोज बोललो असतो.

आई भांडी आवरता आवरता हळूच म्हणाली, "पोरीले पागल करशील तू. आन् ते नागपूरचं तिले कोणं शिकवलं, आठवते का?"

आठवतं. ते मीच शिकवलं.

*

फेब्रुवारीतली ती दुपार तुलाही आठवत असेल. नागपूरला उपचारांसाठी तू राहायचीस त्या तुझ्या भावाच्या घरची गॅलरी, तू उशीला टेकून बसलेली, मांडीवर पातळ वरणाची वाटी. दोन चमचे घेऊन ठेवून दिलेली. मी दोन दिवसांची सुट्टी काढून दुर्गहून सकाळच्या गाडीनं आलो होतो.

"पुढच्या वेळी सोनूले घेऊन या," तू म्हणालीस. "मले तिच्याशी बोलायचं आहे."

"रोज बोलतेस ना फोनवर."

"ते नाही. डॉक्टर काय बोलले ते तिले सांगायचं आहे. माह्या तोंडून."

"आत्ता नको. मार्चमध्ये परीक्षा आहे तिची. परीक्षा होऊ दे."

"तिसरीची परीक्षा आहे. कलेक्टरची नाही."

मी हसलो. तू हसली नाहीस. माझ्याकडे बघत राहिलीस आणि मग म्हणालीस, "तुम्ही कावून भिऊन राहिले? मरून तर मी राहिली."

मी उठलो आणि गोळ्यांचं पाकीट शोधायला आत गेलो. गोळ्यांची वेळ झालेली नव्हती.

हा विषय तू तीनदा काढलास. दुसऱ्या वेळी आपण भांडलो. लग्नाच्या बारा वर्षांत आपण कशाकशावरून भांडलो! मरोद्याचं कंपनीचं क्वार्टर सोडून वैशाली नगरात घर घ्यायचं की नाही, ट्यूशनच्या पोरांनी चपला कुठे काढायच्या, सोनूशी हिंदीत बोलायचं की मराठीत. प्रत्येक वेळी तू जिंकायचीस, कारण तू दमायची नाहीस. गणित समजेपर्यंत पोराला सोडायची नाहीस, तसंच नवऱ्यालाही. त्या दिवशी मात्र बोलता बोलता तुला धाप लागली, आणि मी जिंकलो. तिसऱ्या वेळी तू वाद घातलाच नाहीस. "बरं," म्हणालीस, "होऊ द्या परीक्षा." आणि भिंतीकडे तोंड केलंस.

सोनूच्या भल्यासाठी करतो आहे, असं मी सगळ्यांना सांगत होतो. खरं एवढंच की तू तिला सांगितलं असतंस तर त्या खोलीत मीही असतो. मलाही ते ऐकावं लागलं असतं.

मग आपण खेळ मांडला. आई नागपूरला आहे, आईला आराम पडतो आहे, परीक्षा झाली की आपण नागपूरला जायचं. तू डोक्याला स्कार्फ बांधून व्हिडिओ कॉलवर तिचे पाढे घ्यायचीस. कॅमेरा असा धरायचीस की हाताची सुई दिसायची नाही. शेवटचे आठ दिवस म्हणालीस, व्हिडिओ नको, नुसता आवाज. सोनूनं विचारलं तर सांगितलंस, "मामाच्या घरी नेट चालून नाही राहिलं." तेवढं बोलायलाही तुला मध्ये दोनदा थांबावं लागलं. माझ्या खोट्याला तू साथ दिलीस. तुझी इच्छा नसताना. याचं मी काय करू, सांग.

तिचे दोन पेपर राहिले होते, तेव्हा तू गेलीस.

तिला नागपूरला आणलं नाही. माझ्या आईनं दोन दिवस तोंडात पदर कोंबून तिचा डबा केला, तिला रिक्षात बसवून दिलं. मी तिसऱ्या दिवशी परतलो तो सरळ शाळेच्या फाटकावर. सोनू शेवटचा पेपर देऊन बाहेर आली, मला बघितलं आणि धावतच सुटली. पट्टी आणि पाउच हातात. "बाबा! हो गया! चलो नागपूर!"

फाटकासमोरच्या गुलमोहराखाली सिमेंटचा बाक आहे. तिथे मी तिला सांगितलं. कसं सांगितलं ते नीट आठवत नाही, शब्द फार थोडे होते. तिनं विचारलं ते मात्र एकूण एक आठवतं.

"कब?"

"परवा."

"परवा कितने बजे?"

"सकाळी अकरा वाजता."

तिनं पट्टी बाकावर ठेवली. मग म्हणाली, "ग्यारह बजे मेरा हिंदी का पेपर चल रहा था." आणखी थोड्या वेळानं, "छुट्टी के बाद मैं झूला झूली थी, बाबा. बहुत देर तक."

मी तिला जवळ घेतलं. ती आली, पण अंग ताठ ठेवून. घरी येऊन तिनं हात धुतले, पाउचमधल्या पेन्सिली काढून जागेवर ठेवल्या. रडली नाही. आई छाती पिटून रडली, शेजारच्या बायका रडल्या, तुझ्या ट्यूशनची पोरं रांगेनं येऊन रडून गेली. सोनू सगळ्यांना पाणी देत होती.

एप्रिलमध्ये नवा वर्ग सुरू झाला. मॅडम नवी, तुकडी बदललेली, आजूबाजूला बसणाऱ्या पोरी नव्या. तिथे कुणालाच काही माहीत नव्हतं. बापानं दिलेलं एक वाक्य सोनूकडे तयार होतं. तेच तिनं वापरलं.

*

शनिवारच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, मी शिफ्ट संपल्यावर शाळेत गेलो. मुलं घरी गेली होती. मॅडम स्टाफरूममध्ये वह्या तपासत होती. कुम्हारीहून रोज बसनं येते, तिची निघायची वेळ झाली होती, तरी मला खुर्ची दिली.

"मम्मी आ गईं, सर?"

मी सांगितलं. उभ्यानंच सांगितलं.

तिनं लाल पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी असेल. म्हणाली, "सर, कल ही उसने बताया कि मम्मी का फ़ोन आया था. मम्मी भिन्न पढ़ाएँगी. पोळी तोड़कर समझाएँगी." मग डोळे पुसत विचारलं, "पोळी मतलब रोटी न, सर?"

"हाँ," मी म्हणालो. "रोटी."

तुझ्या ट्यूशनच्या पोरांना अपूर्णांक असेच यायचे. एका पोळीचे चार भाग, त्यातला एक मोरंब्यासोबत खायचा, राहिले किती? पहिल्यांदा तुला असं शिकवताना पाहिलं ते मरोद्याच्या व्हरांड्यात. आपलं लग्न होऊन सहा महिने झाले होते. मी दारात थांबून ऐकत राहिलो, आणि ज्या माणसाला आयुष्यात गणित कधी समजलं नाही, त्याला त्या दिवशी पाव आणि अर्धा समजले. तुला हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू मलाही पोरांच्या रांगेत बसवलं असतंस.

मॅडम म्हणाली, "क्लास के सामने उसे झूठा नहीं पड़ने दूँगी. मैं कल का पीरियड ही कैंसल करवा देती हूँ, बोल दूँगी कोई और काम आ गया." ती मनापासून बोलत होती. मी लगेच हो म्हणालो. जिन्यावरून उतरताना लक्षात आलं की आणखी एक खोटं मी खिशात घालून निघालो आहे, आणि या वेळी बिचाऱ्या परक्या मुलीलाही त्यात ओढलं आहे. तिथेच ठरवलं की सोनूपासून आता हे लपवायचं नाही.

घरी आलो तेव्हा सोनू मागच्या अंगणात कूलरमध्ये पाइपनं पाणी भरत होती. दुपारचे साडेतीन वाजले असतील.

"सोनू, मी मॅडमला सांगितलं."

"क्या?"

"आई आता नाही, हे."

तिच्या हातातून पाइप सुटला. पाणी सगळ्या अंगणभर.

"क्यों बताया?" ती ओरडली. तिचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "क्यों बताया आपने? नागपूर में है, ये तो आपने ही बोला था! रोज बोलते थे! आपका झूठ चलता है, मेरा नहीं चलता?"

आई धावत बाहेर आली. "सोनू, बापाले असं बोलते का?" मी आईला हातानंच थांबवलं. पोर खोटं काय बोलत होती?

मी तिथेच ओल्या फरशीवर बसलो.  तिच्याकडे वरून बघत बोलायची लाज वाटत होती. म्हणालो, "सोनू, आईला तुला सांगायचं होतं. स्वतः सांगायचं होतं. मला तीनदा म्हणाली, सोनूला घेऊन या. मीच नाही आणलं. आईला तुझ्याशी खोटं बोलायचं नव्हतं, ते मी तिच्याकडून बोलवून घेतलं."

 पाइपचं पाणी फरशीवर वाहतच होतं.

"क्या बताना था आई को?"

"ती बरी होणार नाही, हे."

"वो नहीं. और क्या? मेरे लिए क्या बोलने वाली थी?"

आणि अर्चना, मला माहीत नव्हतं.

तू "मले तिच्याशी बोलायचं आहे" म्हणालीस, आणि मी एकदाही विचारलं नाही की काय बोलणार आहेस. गोळ्या शोधायला गेलो. परीक्षेचं कारण पुढे केलं. तुझ्या मनात पोरीसाठी काय काय होतं, ते तू मनातच घेऊन गेलीस. त्याला कारण मी. त्या क्षणी माझ्या तोंडाशी चार वाक्यं तयार होती. नीट अभ्यास कर म्हणाली, आजीचं ऐक म्हणाली, मी कायम तुझ्यासोबत आहे म्हणाली. कुठलीही आई म्हणेल अशी. सोनूनं ती घट्ट धरून ठेवली असती, जन्मभर. पण तू ती म्हणाली नव्हतीस. तू कदाचित भलतंच काही म्हणाली असतीस. तुझं काय, तू तिला पाढेही विचारले असतेस.

"मला माहीत नाही, बेटा," मी म्हणालो.

"आपने पूछा नहीं?"

"नाही."

"पूछना था ना, बाबा." हळू आवाजात म्हणाली. राग नव्हता त्यात. राग असता तर बरं झालं असतं. "पूछना था ना."

आणि मग ती रडली. पहिल्यांदा. माझ्याजवळ आली नाही, आजीकडेही गेली नाही. जिथे तुझ्या ट्यूशनच्या सतरंज्या गुंडाळून ठेवल्या आहेत त्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आई नळ बंद करून माझ्याशेजारी येऊन बसली. आम्ही दोघं दाराबाहेर बसून ऐकत राहिलो. आत जाऊ की नको, हेसुद्धा मला ठरवता येईना.  आई एवढंच म्हणाली, "रडू दे. थांबवू नको."

शनिवारी ती शाळेत गेली नाही. सोमवारी गेली. दुपारी मॅडमचा मेसेज आला, "सलोनी ने आज खुद सबको बता दिया." पुढे काही लिहिलं नव्हतं. काय सांगितलं, कसं सांगितलं, मी विचारलं नाही. विचारायचा हक्क मला आहे असं वाटत नाही.

*

तेव्हापासून सोनू मला रोज जेवताना, तिच्या हिंदीत, एक-एक गोष्ट विचारते. आई काय खायची तिथे? दुखायचं का? कुठे दुखायचं? केस गेले तेव्हा रडली का? त्याआधी मामी तिची वेणी घालायची का? मी सांगतो. दुखायचं, म्हणून सांगतो. रडली, म्हणून सांगतो. माझी आई मध्ये म्हणते, "लेकराले कायले सांगतं असं?" पण मी थांबत नाही, कारण जिथे मी थांबतो तिथे सोनू ताबडतोब ताट सोडून माझ्या चेहऱ्याकडे बघते. मला माहीत नाही ते मी माहीत नाही म्हणतो. माझ्यावर तिचा विश्वास बसला आहे का? नाही. ती तपासते आहे. किती दिवस तपासेल, माहीत नाही.

तू तिच्यात किती आहेस ते कशात कळतं, सांगू? तिच्या प्रश्नांत. उत्तर पटलं नाही की ती तोच प्रश्न दुसऱ्या बाजूनं पुन्हा विचारते. दमत नाही.

मेमध्ये सुट्टी लागली तेव्हा तिनं एकच मागणी केली. "मुझे वहाँ जाना है जहाँ आई को ले गए थे."

आम्ही नागपूरला गेलो. तुझा भाऊ ऐकून घाबराच झाला. "पोरीले घाटावर नेतात का, भाऊजी? आमच्यात बायाही जात नाहीत."

"ती मागते आहे," मी म्हणालो. "मी आता तिला नाही म्हणू शकत नाही."

तो सोबत यायला निघाला. सोनू म्हणाली, "सिर्फ बाबा."

सकाळी नऊलाच ऊन पेटलं होतं. घाटावर कुणी नव्हतं. एक म्हातारा झाडलोट करत होता, त्यानं पोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला झाला. पत्र्याच्या शेडखाली ओळीनं चिता रचायचे तीन ओटे. तिन्ही सारखे, तिन्ही काळे, झाडून स्वच्छ केलेले. तुला आणलं त्या दिवशी माझ्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं. कुणीतरी माझा हात धरून मला फिरवत होतं.

"कौन सा?" सोनूनं विचारलं.

एकाकडे बोट दाखवलं असतं तर काम झालं असतं. तिला कुठून कळणार होतं?

"या तिघांतला एक," मी म्हणालो. "मला नक्की आठवत नाही, सोनू."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता पुन्हा म्हणेल, याद रखना था ना. पण तिनं चपला काढल्या आणि पहिल्या ओट्याजवळ गेली. त्यावर हात ठेवला. घरात तुझ्याशी बोलायची तशी, महिन्या-दोन महिन्यांत जी तिच्या तोंडून ऐकली नव्हती त्या मराठीत बोलली.

"आई, मी पास झाली. चौथीत गेली."

मग ती दुसऱ्या ओट्याजवळ गेली आणि तिथेही तेच सांगितलं. मग तिसऱ्या.